प्लॉट तुमचा आणि डास आमचे?

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमचे घर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच अडीच गुंठ्यांचा एक मोकळा प्लॉट आहे. त्याचे मालक पुण्यात राहतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो विकत घेतला, चार कोपऱ्यांत सिमेंटचे खांब पुरले, एका खांबावर आपले नाव रंगवून घेतले, आणि त्यानंतर तेथे एकदाही विळा लावला नाही. जमिनीचा भाव वाढला की नाही याची चौकशी ते वर्षातून दोन-तीनदा फोनवर करतात. गवत किती वाढले, हे मात्र मीच त्यांना दर पावसाळ्यात सांगते आणि दर वेळी एकच उत्तर ऐकते, "ताई, पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो."

तो माणूस अजून आलेला नाही. जून सरता सरता काँग्रेस गवत कमरेएवढे होते आणि उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येते. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, त्या वाऱ्याने उडून आमच्या कुंड्यांत, शेजारच्या परसात आणि रस्त्याच्या कडेला रुजतात, म्हणजे एका माणसाने केलेला आळस पुढची कित्येक वर्षे साऱ्या गल्लीने उपटत बसायचा. हे गवत उघड्या हातांनी उपटले तर अंगावर पुरळ उठते आणि त्याच्या परागकणांनी दम्याच्या माणसाला श्वास घेणे कठीण होते. आमच्या सासूबाईंना दमा आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्या बाजूची खिडकी आम्ही उघडत नाही. आमच्याच घराची खिडकी आम्ही का बंद ठेवायची, याचे उत्तर मला कोणीतरी द्यावे.

परंतु नुसत्या मालकांवर सगळा राग काढणे बरोबर होणार नाही, कारण गवत त्यांचे असले तरी त्यातला कचरा आपल्याच गल्लीतला आहे. घंटागाडी सकाळी दारात येते, तिची गाणी घरात ऐकू येतात, तरीही रात्री दहानंतर कोणी गॅलरीतून, कोणी फिरायला जाता जाता बांधलेली पिशवी त्या प्लॉटवर भिरकावतो. त्या पिशव्या कुत्री फाडतात आणि सकाळी माझ्या फाटकापुढे शिळा भात, अंड्याची टरफले, लहान मुलांचे डायपर पसरलेले असतात. एका घराचे स्वयंपाकघर नव्याने झाले तेव्हा जुन्या फरश्या आणि फुटके सिंक तेथेच आणून ओतले गेले. गणपती झाल्यावर थर्माकोल येते, दसऱ्यानंतर सुकलेल्या माळा येतात आणि त्या टाकणारे हात जोडून जातात. देवाला वाहिलेली फुले उकिरड्यावर टाकताना यांना काहीच कसे वाटत नाही? रोज पहाटे अंगण झाडून सुबक रांगोळी काढणाऱ्या एका वहिनींना मी स्वतः केराची सुपली त्या प्लॉटवर रिकामी करताना पाहिले. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळेच टाकतात, आमच्या एका सुपलीने काय होणार आहे?"

काय होते ते मी सांगते. फुटक्या सिंकमध्ये, करवंटीत, आईस्क्रीमच्या कपात आणि पिशवीच्या घडीत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास गटारापेक्षा अशाच साध्या, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी आटले तरी ती अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन्महिने टिकतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, भांडे घासावे लागते. हा डास फार लांब उडत नाही. जेथे जन्मतो त्याच्या आसपासच्या घरांतच, तेही दिवसाढवळ्या चावतो. गेल्या सप्टेंबरमध्ये माझ्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स अडतीस हजारांवर आल्या आणि चार रात्री मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होते. आमच्या घरात त्या आधी आणि त्या नंतरही दर रविवारी पाण्याची प्रत्येक बादली, कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासला जातो. आम्ही आमचे सगळे केले होते. ज्यांनी केले नाही त्यांची किंमत माझ्या मुलाने मोजली आणि हे मी विसरणार नाही.

हिवाळा संपला की दुसरा प्रकार सुरू होतो. वाळलेल्या गवताला कोणीतरी काडी लावतो आणि प्लास्टिकसकट सगळे दोन दिवस धुमसत राहते. रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत कचरा टाकायचा नाही, जाळायचा नाही आणि पुरायचा नाही, हे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिले होते. त्यासाठी नियम लागावा हीच मुळात लाजेची गोष्ट आहे.

आपण तर 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेली माणसे आहोत. ऑगस्टमध्ये कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर गेले, हे गल्लीतले लहान मूलसुद्धा विचारते. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आपल्याला पाठ आहे. 2019 मध्ये पूर ओसरल्यावर घराघरांतला चिखल आणि कुजलेले सामान काढायला शहराला किती दिवस लागले, तेही आपण पाहिले. कृष्णेचे पाणी आपल्या हातात नाही, पण ज्या गटारातून पावसाचे पाणी वाहून जायचे त्याच्या तोंडाशी पिशव्यांचा बोळा आपणच कोंबायचा आणि तासाभराच्या सरीने रस्त्यावर गुडघाभर पाणी आले की आरडाओरडा करायचा, हे मला सहन होत नाही.

गेल्या रविवारी मालक एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. गाडीतून उतरल्याबरोबर नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही लोक शेजारी असून इथे कचरा कसा टाकू देता?" अकरा वर्षे ज्या जागेची राखण मी फुकट करावी असे त्यांना वाटते, त्या जागेला त्यांनी एकदा तारेचे कुंपण घातले असते, वर्षातून दोनदा, गवत फुलावर येण्याआधी, मजूर लावला असता, तर हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती. मी त्यांना तेथेच सांगितले की दिवाळीच्या आत राडारोडा उचलून कुंपण झाले पाहिजे, तोपर्यंत दर रविवारी सकाळी आठ वाजता मी फोन करणार आणि जे गिऱ्हाईक प्लॉट पाहायला येईल त्याला माझ्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट दाखवणार. वहिनींनाही सांगून ठेवले आहे की यापुढे सुपली त्या प्लॉटकडे वळली तर मी दारात येऊन बोलेन आणि तेव्हा आवाज खाली ठेवणार नाही.