काढा पण घ्या, गोळी पण घ्या, पण मोजणार कोण?

आमचं गावात मेडिकल आहे. थंडी पडली, कापूस वेचणी जोरात आली की घरोघरी सर्दी-खोकला-ताप, अन् मग काउंटरवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, इंग्रजी औषध गरम पडते बाप्पा, गुळवेलीचा काढाच खरा. दुसरी म्हणते झाडपाला म्हणजे निव्वळ अडाणीपणा. मले दोघांचंही पटत नाही.

झाडपाल्याले हसणाऱ्यांनो, तुम्ही माझ्याकडून जे खोकल्याचं सिरप नेता ना, त्यातलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरूनच बनवलं गेलं, अन् अँब्रॉक्सॉल त्याच घराण्यातलं. तो अडुळसा धुऱ्यावर फुकट उभा आहे, बकरी पण तोंड लावत नाही.

पण काढेवाल्यांचा पुरावा काय, तर "मी प्यालो अन् मोकळा झालो." अरे बावा, व्हायरलचा ताप बहुतेकांचा चार-पाच दिवसात असाही उतरतेच, काढा प्या नाहीतर ताक प्या. फरक खरंच पडला का हे पाहाचं असेल तर पेशंटच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका, डॉक्टरचं औषध सगळ्यांचंच चालू ठेवा, फक्त अर्ध्यांले वरून काढा द्या, अन् ताप कधी उतरला, ऑक्सिजन किती होता, भरती किती झाले हे लिहून ठेवा. इतकंच तर आहे.

कोविडमध्ये हे झालं पण. आयुष-64 ही 1980 मध्ये मलेरियासाठी काढलेली गोळी, त्यात सप्तपर्ण, कुटकी, काडेचिराईत अन् सागरगोटा (हो, पोट्ट्या खेळतात तेच सागरगोटे). नेहमीच्या उपचारासोबत ती देऊन लखनौ, मुंबई अन् आपल्या वर्ध्याजवळच्या सावंगीत 140 पेशंटवर चाचणी झाली. गोळीवाल्यांले लवकर आराम पडला असं निघालं. चांगलं आहे, पण कोणाले काय दिलं हे पेशंटलेही माहीत अन् डॉक्टरलेही माहीत, अन् "बरं वाटते का" हे तर पेशंटच्या मनावर असते. तिकडं इंग्लंडात डेक्सामेथासोनसारखं जुनं स्वस्त औषध सहा हजारांवर पेशंटवर तपासलं, जून 2020 मध्येच कळलं की व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांश कमी होतात. त्याच चाचणीत मलेरियाचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन फेल गेलं, तेही सांगून टाकलं. आपल्याकडं काढा फेल गेला असं कोणी सांगितलेलं ऐकलं का कधी?

आता माझ्या रोजच्या धास्तीची गोष्ट. एक काकू बीपीच्या अन् लघवी जास्त होण्याच्या गोळ्या नेतात माझ्याकडून, अन् पिशवीत कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढा, ज्येष्ठमध चांगला मूठभर टाकलेला. ज्येष्ठमध रोज जास्त घेतला तर बीपी वाढवते, पोटॅशियम पाडते, अन् ती लघवीची गोळीही बऱ्याचदा पोटॅशियमच पाडते. म्हटलं काकू, डॉक्टरले सांगितलं का? तर म्हणे, "नाही बाप्पा, तो चिल्लावते." हे असं आहे. डॉक्टर चिल्लावतात म्हणून बाया लपवतात, अन् लपवतात म्हणून कशानं काय झालं हे कोणालेच कळत नाही. गुळवेलीचंही तेच, 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांचं लिव्हर बिघडल्याच्या केसेस छापल्या, तर आयुष मंत्रालय म्हणे तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. असू शकते ना! मग आमच्या बाजारात जुडी बांधून विकून राहिले ती कोणती, हे कोण पाहणार?

अन् खेड्यात अशा चाचण्या होत नाहीत हे तर मले सांगूच नका. गडचिरोलीत डॉ. अभय अन् राणी बंग यांनी गावातल्याच माणसांले लेकराचे श्वास मोजायला शिकवलं, न्यूमोनिया वाटला की कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं, अन् काही गावांत हे केलं, काहींत नाही केलं, दोन्हीकडचे मृत्यू मोजले. 1990 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं ते. ज्या मातीत ते जमलं तिथं काढ्याची चाचणी कायले नाही जमणार? पीएचसीचा डॉक्टर, आशाताई, एक वैद्य अन् वनस्पती ओळखणारा एक माणूस एकत्र बसवा, चाचणी आधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवा म्हणजे काय मोजायचं हे नंतर गुपचूप फिरवणं सोपं राहणार नाही, अन् जो काय निकाल येईल तो ग्रामसभेत वाचून दाखवा. काढा फेल गेला तरी वाचा, मी खुर्च्या लावतो.