दोन तासांची दिल्ली

मुंबईहून दिल्ली दोन तासांवर आहे, असे छातीठोकपणे सांगणारे लोक बहुधा डोंबिवलीला राहत नसावेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर दोन्ही शहरांत सुमारे ११५० किलोमीटर अंतर भरते आणि ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग घेणाऱ्या विमानाला ते कापायला, चढणे-उतरणे धरून, पावणेदोन तासांच्या आसपास पुरतात, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार एवढीच, की या हिशेबात विमान तेवढे दिल्लीला जाते, प्रवासी जात नाही.

पहाटे पाचचे विमान गाठायचे म्हणजे रात्री दीडला घर सोडणे आले. (पाचचेच का, तर ते स्वस्त असते; आणि ते स्वस्त का असते, हे रात्री दीडला उमगते.) झोपावे तर गजराचा भरवसा वाटत नाही, म्हणून मी बूट घालूनच सोफ्यावर बसतो आणि डोळा लागला रे लागला की बायको आधार कार्ड घेतले का, म्हणून विचारते. पुढे सुरक्षा तपासणी. पट्टा, पाकीट, घड्याळ असा सगळा संसार ट्रेमध्ये मांडून मी पॅन्ट सावरत उभा असतो, तोच यंत्रातून नेमकी माझीच पिशवी बाजूला सरकते, कारण मावशीसाठी दिलेले डिंकाचे लाडू क्ष-किरणांत गोल, घट्ट आणि संशयास्पद दिसतात. जवान डबा उघडतो, एक लाडू बोटाने हलवून पाहतो आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता झाकण लावतो. आपण निर्दोष सुटलो, याचा आनंद मला दरवेळी होतो.

तिकिटावर मात्र वेळ सव्वादोन तास छापलेला असतो. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा असतो आणि त्यात कंपनीने रांगेत खोळंबण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. पहाटे रांग नसली, तर विमान वेळेआधी उतरते आणि कंपनी त्याचे श्रेय मोठ्या नम्रतेने स्वतःकडे घेते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके हा सगळा हिशेब पार बिघडवते, पण तो विषय काढला की माझा रक्तदाब वाढतो.

दिल्लीत उतरल्यावर टर्मिनल तीनमध्ये इतके चालावे लागते, की थोडे अंतर विमानाने आणि उरलेले पायी, अशीच वाटणी ठरली होती की काय, अशी शंका येते. मग सामानाचा पट्टा, मग एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो. ती वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्थानकाशी आणून सोडते. तेव्हा सकाळचे साडेआठ वाजत आलेले असतात. मुंबई सेंट्रलहून आदल्या संध्याकाळी सुटलेली राजधानी एक्सप्रेस १३८४ किलोमीटर धावून नेमकी याच सुमारास येथे पोहोचते. रात्रभर पांघरूण घेऊन झोपलेले, चहा-नाश्ता करून भांग पाडलेले तिचे प्रवासी टवटवीत चेहऱ्याने बाहेर पडत असतात. त्यांच्या गर्दीत तारवटलेल्या डोळ्यांनी उभ्या असलेल्या मला पाहून रिक्षावाल्याने कळवळून विचारले, ‘‘क्या साहब, जनरल डिब्बे से आए हो?’’