कार्बनी सौर घट: फरक केवळ पदार्थाचा नव्हे

सप्रेम नमस्कार. ‘सेंद्रिय’ सौर घटांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपले पत्र मिळाले. उन्हापासून वीज करणाऱ्या घटात सिलिकॉनच्या जागी कार्बनी पदार्थ आला, बाकी काम तेच, मग स्वतंत्र लेख कशाला, असा आपला आक्षेप आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द दिशाभूल करतो, हे आपले म्हणणे मात्र मला पटले. आपल्या मराठवाड्यात सेंद्रिय म्हटले की शेणखतच आठवते, म्हणून यापुढे ‘कार्बनी’ असेच लिहीन.

मूळ आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. सिलिकॉनमध्ये प्रकाश शोषला गेला की इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जागी राहिलेली पोकळी जवळजवळ लगेच मोकळी होतात, कारण त्यांना बांधणारी ऊर्जा सुमारे 15 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे अगदी लहान माप) असते आणि सामान्य तापमानाची उष्णताच सुमारे 25 पुरवते. कार्बनी पदार्थात ही बांधणी साधारणपणे काही शे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्यामुळे जोडी तुटत नाही. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिच्यावर एकंदर विद्युतभार नसल्याने विद्युतक्षेत्र तिला ओढून नेत नाही. ती फुटते ती दोन वेगळ्या कार्बनी पदार्थांच्या सीमेवर, आणि तिथे पोहोचण्यासाठी तिच्याजवळ बहुधा 10 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आसपासचीच धाव असते. प्रकाश पुरेसा शोषायला मात्र 100 नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा थर लागतो.

खरी अडचण इथे आहे. 1986 मध्ये टँग या संशोधकांनी दोन वेगळ्या कार्बनी पदार्थांचे थर एकमेकांवर ठेवून सुमारे 1 टक्का कार्यक्षमता मिळवली; पण दोन शेतांच्या मध्ये एकच बांध असावा तशी ती रचना होती, बांधापासून दूर जन्मलेली जोडी वाटेतच संपे. 1990 च्या दशकात दोन्ही पदार्थ मिश्र पेरणीसारखे एकमेकांत कालवले गेले, म्हणजे कुठेही जोडी जन्मली तरी सीमा हाकेच्या अंतरावर. सिलिकॉनच्या घटाला अशा मिश्रणाची गरजच नसते.

‘मग शेतकऱ्याला याचा उपयोग काय?’ असे आपण विचारता. विहिरीवरच्या पंपासाठी आज सिलिकॉनच घ्यावे, असे मी स्पष्ट सांगतो. मे महिन्यात पॅनलला हात लाववत नाही, आणि 25 अंशांच्या वर दर अंशाला सिलिकॉनची क्षमता 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते, हे खरे. तरीही ते पंचवीस वर्षे टिकते. कार्बनी घट प्रयोगशाळेत 20 टक्के कार्यक्षमतेच्या आसपास पोहोचले असले, तरी ऊन, ऑक्सिजन आणि ओल यांनी ते लवकर खराब होतात.

माझ्या लेखातल्या आकृतीत दोन्ही घटांत इलेक्ट्रॉन सारखाच सरळ सुटताना दाखवला होता. आपला समज तिच्यामुळेच झाला असावा. ती चूक माझी आहे. कार्बनी घटाच्या आकृतीत आता जोडी, तिची धाव आणि सीमा वेगळी दाखवतो.