कुणाच्या म्हशीला?

आज ऑफिसातून आले तर दाराला पत्र चिकटवलेलं. आमच्या एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं. समोरच्या अंगणातलं आठ इंचांहून उंच वाढलेलं तण दहा दिवसांत कापा, नाहीतर दंड. तण! इथली मूळची रानफुलं ती. कोनफ्लॉवर तण, बी बाम तण, मिल्कवीड तण. आणि तो कंपास प्लांटही तण, ज्याची पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात आणि मुळं पंधरा फुटांपर्यंत खाली जातात.

चहासुद्धा न घेता लिहायला बसलेय, तेव्हा भाषा चालवून घ्या.

चार वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा बार्शीहून इकडे शिकागोला आली, तेव्हा समोर नुसतं लॉन होतं. शनिवारी सकाळी नवरा मोअर फिरवत होता आणि आई पायरीवर बसून बघत होती. कापलेलं गवत त्याने कागदी पिशव्यांत ठासून भरलं, त्यांवर कचरा उचलून नेण्यासाठी विकत आणलेले स्टिकर लावले आणि पिशव्या रस्त्याकडेला ओळीत ठेवल्या. आईने विचारलं, "एवढं गवत कापून कुणाच्या म्हशीला घालता गं?"

कुणाच्याच नाही, म्हटलं. गाडी येऊन घेऊन जाते.

"मग लावता कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. खत घालायचं, पाणी घालायचं, वाढलं की कापायचं आणि पैसे देऊन फेकायचं. या देशात चार कोटी एकरांच्या आसपास लॉन आहे म्हणे. अर्धा महाराष्ट्र! आणि त्यात म्हैस एक नाही. बरं, लॉनमधल्या ज्या केंटकी ब्लूग्रास नावाच्या गवताचा एवढा तोरा, ते केंटकीचंही नाही, समुद्रापलीकडून आलेलं. म्हणजे माझ्यासारखंच. पण मला निदान व्हिसा लागला.

आमच्या इलिनॉय राज्याचं टोपणनाव 'प्रेअरी स्टेट', प्रेअरी म्हणजे रानगवताचं माळरान. राज्याचं गवत बिग ब्लूस्टेम, राज्याचा कीटक मोनार्क फुलपाखरू. शाळेत पोरांकडून हे घोकून घेतात, आणि तेच गवत दारात उगवलं की नोटीस. 1820 च्या सुमाराला इथे सव्वादोन कोटी एकर प्रेअरी होती. 1837 मध्ये याच राज्यात जॉन डिअरने पोलादी नांगर घडवला आणि ती चिवट काळी माती उलटी व्हायला लागली. आज मूळची, धड राहिलेली प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपास आहे. अडीच हजार! आपल्याकडे एखाद्या मोठ्या गावाचं शिवार तेवढं भरतं.

असो. आई परत गेली त्या शरद ऋतूत आम्ही लॉनवर पुठ्ठे अंथरले. घरी आलेल्या पार्सलांचे खोके वर्षभर साठवले होते (नवऱ्याला वाटायचं मला वेड लागलंय). त्यावर लाकडाचा भुगा टाकला, वसंतात पुठ्ठ्यांना भोकं पाडून रोपं लावली. नोव्हेंबरात उरलेल्या जागेत बी फेकलं, कारण मिल्कवीडचं बी हिवाळाभर गारठल्याशिवाय धड उगवत नाही. इथले जुने बागवाले सांगतात, पहिल्या वर्षी झाडं झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात, तिसऱ्या वर्षी उड्या मारतात. आमच्या झोपेच्या वर्षात अंगण उकिरड्यासारखं दिसत होतं, हे मान्य. पोरांना क्रिकेट खेळायला हिरवळ लागते हेही मान्य, मागे ठेवलीय तेवढी.

पण मंडळातल्या एकीने मला गणपतीत, हातात मोदक घेऊन सांगितलं, "अगं, आजूबाजूच्या घरांच्या किमती पडतील." देशी गाई, देशी तूप, देशी बियाणं यांवर रोज फॉरवर्ड पाठवणारी ही बाई. देशी झाडं मात्र नकोत, कारण देश दुसरा आहे.

तेव्हा राग आला होता. आता लिहिताना हसू येतंय. तिचंही घर कर्जावर आहे, माझ्यासारखंच.

गेल्या वर्षी आई पुन्हा आली. जुलैत एका सकाळी तिने मिल्कवीडचं पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला आणि तिचा चेहरा उजळला. "ही तर रुई गं! मारुतीला घालतो ती." रुई नव्हे, पण त्याच घराण्यातली, चुलतबहीणच म्हणा. मग तिने पान उलटलं. खाली मोनार्कची पिवळी-काळी-पांढरी पट्टेवाली अळी, दोन्ही टोकांना काळे दोरे. अळीने आधी पानाची मधली शीर कुरतडली, चीक गळून जाऊ दिला आणि मग कडेने चरायला लागली. आई चष्मा वर करून वीसेक मिनिटं वाकून बघत होती. कंबर दुखते म्हणणारी आई.

"ही बघ," म्हणाली, "तुझी म्हैस."

हे सगळं एचओएला कसं लिहायचं? 2024 मध्ये इलिनॉयने कायदा केलाय, नीट राखलेल्या स्थानिक झाडांवर एचओएला सरसकट बंदी घालता येत नाही. त्याची प्रत काढून ठेवलीय, उद्या देणार. पायवाटेवर कलंडलेली झाडं बांधून घेईन, तेवढं त्यांचं बरोबर आहे.

मघाशी आईला व्हिडिओ कॉल लावला. पत्राचं सांगितलं, तिला त्यात काही रस नव्हता. "म्हैस आली का यंदा?" एवढंच विचारलं. फोन हातात धरून बाहेर गेले, पानं उलटत बसले. चौथ्या झाडावर सापडली, करंगळीच्या नखाएवढी. तिचं फुलपाखरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत.