‘बहुतेक मरतातच, मग नुकसान कुठे?’ – एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट वाचली. पाळलेली कासवं, अजगर, इग्वाना (मोठे सरडे) तळ्यात नाहीतर जंगलात नेऊन सोडणाऱ्यांना मी लेखात बेजबाबदार म्हटलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी सगळ्या पाळणाऱ्यांना एकाच माळेचे मणी केलं, सोडलेले बहुतेक प्राणी तसेही मरतात त्यामुळे निसर्गाचं काही बिघडत नाही, आणि ज्याला जमतच नाहीये त्याने काय प्राण्याला मारून टाकायचं का?

नीट पाळणारे भरपूर आहेत, मान्य, लेख त्यांच्याबद्दल नव्हताच.

पण ‘मरतातच’ हे मात्र मला पटत नाही. मरतात, पण कसे ते बघा ना. या प्राण्यांचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं, काचेच्या टाकीत दिव्याखाली वाढलेलं जनावर एकदम गारठ्यात गेलं की त्याचं पचनच थांबतं, खाल्लेलं पोटातच सडायला लागतं, आणि हे सगळं पटकन उरकत नाही हो, खूप दिवस चालतं. याला प्राणिप्रेम तरी म्हणू नका.

आणि जे मरत नाहीत त्यांचं काय? अमेरिकेत फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स हे दलदलीचं रान घ्या. बर्मीज अजगर मूळचा आशियातला. तिथे आधी कित्येक वर्षं एखाद-दुसरा दिसायचा, कुणाचा तरी पाळलेला असेल असं वाटावं इतपतच, आणि त्यांची तिथेच वीण होतेय हे मान्य व्हायला 2000 साल उजाडलं. मग 2012 मध्ये एक अभ्यास आला, रात्री रस्त्यांवरून गाडी फिरवून केलेली मोजणी, त्यात अजगर ज्यांना खातात त्या तिथल्या छोट्या सस्तन प्राण्यांपैकी रॅकून दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी घटलेलं, ऑपॉसमचंही जवळपास तेवढंच. (1992 च्या अँड्र्यू वादळात एक ब्रीडिंग सेंटर मोडलं, त्यातूनही काही सुटले असं म्हणतात, त्यामुळे सगळं खापर घरी पाळणाऱ्यांवर फोडत नाहीये मी, पण हे अजगर तिथे आले ते पाळीव प्राण्यांच्या धंद्यातूनच.) 2022 मध्ये एका मादीची बातमी आली होती, वजन 98 किलो, पोटात तयार होत असलेली 122 अंडी, आणि आतड्यात हरणाच्या खुरांचे अवशेष. ती सापडली कशी, तर ट्रान्समीटर बसवलेल्या एका नराच्या मागावर जाऊन, कारण गवतात पायाशी पडलेला असला तरी अजगर दिसत नाही. आजवर हजारोंनी काढलेत तिथून, तरी संपले नाहीत. तुम्ही सोडलेला मरेल की तग धरेल हे सोडताना कुणाला कळणारे?

बरं, अजगर मोठा म्हणून त्याची बातमी होते. रेड इयर्ड स्लायडर कासवाची होत नाही. विकताना नाण्याएवढं पिल्लू, पुढे जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, आणि टाकीला वास मारायला लागला की घरच्यांचा उत्साह संपतो, मग रविवारी तळं. युरोपियन युनियनने 1997 मध्ये आयात थांबवली तोवर ती ठिकठिकाणी तळ्यांत पोचली होती. जपानने 2023 मध्ये विक्री आणि सोडणं बंद केलं, पण ज्यांच्या घरात आधीच आहेत त्यांना ठेवायची मुभा दिली, कारण सरसकट बंदी घातली तर घाबरून लोक रातोरात सोडून देतील ही भीती. म्हणजे सरकारलासुद्धा पाळणाऱ्यांची खात्री नाही!

राहिला तुमचा मारून टाकायचा प्रश्न. आधी विकणाऱ्याला परत घ्यायला लावा, कुरकुर करेल, करू दे. नाहीतर सरपटणारे प्राणी खरोखर सांभाळणारा माणूस किंवा रेस्क्यूवाले शोधा, प्राणिसंग्रहालयावर भिस्त ठेवू नका, ते बहुतेक नाहीच म्हणतात. फ्लोरिडात 2006 पासून असे प्राणी दंड न लावता परत घ्यायची सोय आहे, तशी तुमच्याकडे काही असेल तर वनविभागात विचारा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून कायमचं झोपवणारं इंजेक्शन. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही वाटतं, पण पोटात अन्न सडून मरण्यापेक्षा मी तेच निवडेन.