एसी बसमधलं ‘बेंझिन’ आणि आमची आत्ती

गेल्या आठवड्यात आमची आत्ती सोलापूरहून कोल्हापूरला आली. वय ६८. मध्यवर्ती स्टँडवर तिला उतरवून घेतली तेव्हा तोंड लालभडक, अंग चटका बसावा असं तापलेलं. ‘माझी पिशवी कुठाय’ हे तिनं मला चार वेळा विचारलं. पिशवी तिच्याच हातात होती. सांगोल्याजवळ उलटी झाली, मिरजेत शेजारच्या बाईनं डोक्यावर ओला रुमाल ठेवला, हे नंतर कळलं. तिथनं थेट दवाखाना, सलाइन, आणि रात्री उशिरा घर.

मी तिचं एसी गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, एसी गाडीलासुद्धा, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. तरी तिनं ते रद्द करायला लावलं आणि भर उन्हात साध्या गाडीत बसली. कारण विचारलं तर म्हणाली, “डॉक्टर सांगत्यात की रे, एसी गाडीत कॅन्सरचा गॅस असतोय.”

हे तिनं मोबाइलवर आलेल्या एका मेसेजमध्ये वाचलं होतं. तो मेसेज मग मी नीट वाचला. डॉक्टरचं नाव नाही, दवाखान्याचं नाही. म्हणणं असं: उन्हात उभ्या एसी बसमध्ये सीटच्या प्लॅस्टिकमधून २००० ते ४००० मिलिग्रॅम बेंझिन, म्हणजे तो ‘कॅन्सरचा गॅस’, सुटतं, सुरक्षित मर्यादा मात्र ‘चौरस फुटाला ५० मिलिग्रॅम’. शिवाय एसीचा गॅस आत पसरतो, बंद काचांमुळे ऑक्सिजन संपतो, उतरल्यावर गरम हवेचा झटका बसून लकवा मारतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी उघड्या खिडकीच्या गाडीनंच जावं.

मी वीस वर्षं उद्यमनगरात गाड्यांच्या एसीचं काम करतोय. असले मेसेज आजवर सोडून देत आलो. आता नाही.

बेंझिनची गोष्ट नवी नाही. २००९ च्या सुमारास हाच मजकूर इंग्रजी ईमेलमधून फिरत होता, तेव्हा त्यात कार होती. कुणीतरी कार काढून बस घातली, आकडे तेच ठेवले. आणि ते आकडे तरी बघा. चौरस फूट हे फरशीचं माप, प्लॉटचं माप. हवेत मिसळलेली वस्तू चौरस फुटात कोण मोजतं? हवा घनमीटरमध्ये मोजतात. ज्यानं हे लिहिलं त्यानं कधी काही मोजलेलंच नाही, आणि त्याच्या शब्दावर माझ्या आत्तीनं सहा तास उन्हात काढले.

ज्यांनी खरंच मोजलं त्यांचं ऐका. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या येरून ब्युटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी आणि एक तीन वर्षं वापरलेली कार मोठ्या दिव्यांखाली तापवली, आतली हवा ६५ अंशांवर नेली आणि ती हवा तपासली. २००७ साली ते छापून आलं. नव्या गाडीत सगळी सेंद्रिय रसायनं मिळून घनमीटरला १०.९ मिलिग्रॅम, जुनीत १.२. कारमध्ये हवा असते साधारण तीन घनमीटर. म्हणजे नव्याकोऱ्या गाडीत सगळं मिळून तीस-पस्तीस मिलिग्रॅम, आणि मेसेजवाला एकट्या बेंझिनचे चार हजार सांगतो. त्या हवेतला माल त्यांनी पेशींवरही घालून बघितला. नव्या गाडीच्या हवेनं ॲलर्जीची प्रतिक्रिया थोडी वाढली, पण तब्येतीला धोका म्हणावा असं काही दिसलं नाही.

बेंझिननं कॅन्सर होतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण ते पेट्रोलमध्ये असतं, गाड्यांच्या आणि सिगारेटच्या धुरात असतं. कोल्हापुरात शिरताना तावडे हॉटेलपासून स्टँडपर्यंत उघड्या खिडकीशी बसून जो धूर नाकात जातो, त्याची काळजी आधी करा.

आता एसीचा गॅस. तो प्रवाशांवर सोडतात असं लोकांना खरंच वाटतं. बसमध्ये कॉम्प्रेसर बहुतेक वेळा इंजिनाच्या बेल्टवर चालतो, ई-बसमध्ये बॅटरीवर. गॅस पाइपांतून कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि परत कॉम्प्रेसर असा फिरत राहतो. तुमच्या अंगावर येते ती बसमधलीच हवा, कॉइलवरून फिरून गार झालेली. गॅस लीक झाला तर पहिल्यांदा गारवा जातो, आणि ड्रायव्हर गाडी आमच्याकडं आणतो. गाड्यांच्या एसीत असतो तो आर-१३४ए हा गॅस पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे, म्हणून लीकेज काढायलाच हवं. पण त्यानं सीटवरच्या माणसाला कॅन्सर होत नाही.

ऑक्सिजन संपतो म्हणणाऱ्यानं साधा हिशेब करावा. भरलेल्या बंद बसमध्ये कार्बन डायऑक्साइड ०.०४ वरून अगदी ०.४ टक्क्यांवर गेला, तरी ऑक्सिजन २०.९ वरून साडेवीसच्या आसपास येतो. एवढ्यानं कुणी गुदमरत नाही. डोकं जड होतं, पेंग येते, हे मात्र होतं. बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद ठेवून गाडी पळवली की होतंच. ती उघडायला सांगा. आणि फिल्टर! कित्येक गाड्यांचा फिल्टर काढला की हातात धुळीची घोंगडीच येते, केसांसकट. कुबट वास तिथनं येतो. त्यावर कुणी मेसेज लिहिला असता तर मी स्वतः पुढं पाठवला असता.

लकव्याचं काय सांगू? बाहेर चाळीस आणि आत अठरा ठेवलं तर अंग दुखेल, घसा धरेल. चोवीस-पंचवीसवर ठेवा, प्रश्न मिटला.

मला राग आहे तो शेवटच्या सल्ल्याचा. उघडी खिडकी. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा अंगाला ताप देऊ लागतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंख्यानंही शरीर तापतं. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान कळत नाही. शरीर ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस भलतंच बोलायला लागला, की तो उष्माघात. मंगळवेढा-सांगोला पट्ट्यात दुपारी खिडकीतून येते ती झळ. वर पत्र्याचं टप तापलेलं आणि आत पन्नास माणसं, प्रत्येकाच्या अंगातून शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता बाहेर पडते.

उन्हात उभी गाडी सुरू केली की पाच मिनिटं दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हे त्या मेसेजमधलं एकच वाक्य कामाचं. आम्हीही तेच सांगतो, पण तापलेली हवा बाहेर जावी आणि एसीनं लवकर गार करावं म्हणून.

आत्तीला पुढच्या महिन्यात परत सोलापूरला वास्तुशांतीला जायचंय. हे सगळं मी तिला समोर बसून सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाली, “गार वारं डोक्यावर नको.” डोक्यावरची गार हवेची जाळी वळवून कशी बंद करायची ते तिला शेडमधल्या गाडीत चढवून दाखवलं. तिनं दोनदा स्वतः फिरवून बघितली. तिकीट काढलंय, सकाळच्या एसी गाडीचं.