प्रतिक्रियेला उत्तर: डिझेल पिकअपचं इंजिन ‘पाच लाख चालतं’ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया रागावून लिहिलीत, पण मुद्द्याला धरून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. जुनी डिझेल पिकअप घेताना मीटरवरच्या आकड्याला भुलू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: डिझेल इंजिन पाच-सहा लाख किलोमीटर आरामात जातं, अमेरिकेत कमिन्स कंपनीचं इंजिन असलेल्या पिकअप साडेतीन लाख मैल चालतात, आणि मी मात्र दीड लाख चाललेल्या गाडीवरही शंका घ्यायला सांगून गरजू माणसाला उगीच घाबरवतो. मीटर बघायचं नाही तर मग बघायचं काय, हा तुमचा दुसरा सवाल. शहरातल्या फेऱ्यांसाठी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांची) डिझेल गाडी नको म्हणून मी धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांची वकिली करतो, ही तिसरी तक्रार. आणि शेवटी धाकट्या भावासाठी इंदूरच्या देवास नाक्यावर पाहिलेल्या २०१८ च्या पिकअपबद्दल विचारलंत. मीटर १ लाख ४० हजार, दलाल सांगतो ‘इंजन बँधा हुआ है’ (म्हणजे उघडून, दुरुस्त करून पुन्हा जोडलेलं), आणि भावाला चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा खरगोन, बडवानीकडे न्यायचा आहे.

आधी अमेरिकेचं बघू. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये येऊ लागलं. ते मुळात शेतीची यंत्रं आणि मध्यम ट्रक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं. एवढ्या मोठ्या इंजिनातून तेव्हा १६० अश्वशक्ती घ्यायचे, म्हणजे लिटरमागे सत्तावीसच्या आसपास. आपल्या बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन साधारण ७५ अश्वशक्ती देतं, लिटरमागे तीस. या हिशोबात फारसा फरक नाही. फरक आहे तो कामात. तिकडे पिकअप ही पुष्कळ घरांत रोज वापरायची गाडी असते; हौदा बहुतेक वेळ रिकामा, रस्ता मोकळा, आणि गाडी तासन्‌तास एकाच वेगाने जाते. आपल्याकडे पिकअप म्हणजे धंदा. १.७ टन माल न्यायची गाडी तीन टन भरून निमाडातून मानपूरचा घाट चढते, तीही मे महिन्यात.

आणि साडेतीन लाख मैल, म्हणजे सुमारे ५ लाख ६३ हजार किलोमीटर, हा आकडा ‘बी-५० आयुष्य’ म्हणून सांगितला जातो. तेवढं अंतर होईस्तोवर निम्म्या इंजिनांचं मोठं काम निघालेलं असेल आणि निम्मी अजून चालत असतील, इतकाच त्याचा अर्थ. याला हमी म्हणत नाहीत. शिवाय आपण जुन्या बाजारात उभे असतो. तिथे आलेली गाडी कुठल्या निम्म्यातली आहे हे विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

डिझेल इंजिन टिकतं, हे मात्र खरं आहे, आणि ते मी नाकारलेलं नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबूनच ते पेटवायचं असतं. दाबाचं प्रमाण १६ ते १८ पट, पेट्रोलमध्ये ते दहाच्या आसपास. तो दाब सोसायला ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं जाडजूड करावं लागतं. वर इंजिन फिरतंही सावकाश. बोलेरो पिकअपची पूर्ण ताकद ३२०० आरपीएमलाच निघते. त्यामुळे नीट सांभाळलेलं इंजिन न उघडता चार-पाच लाख किलोमीटर गेलं तर मला नवल वाटणार नाही. माझा आक्षेप ‘आरामात’ या शब्दाला आहे, आणि किलोमीटरलाही आहे.

इंजिन झिजतं ते तासांनी आणि ओझ्याने. हायवेवर सरासरी पन्नासच्या वेगाने ३ लाख किलोमीटर चाललेली गाडी ६,००० तास चालली. आता सकाळी दारोदार कचरा गोळा करणारी छोटी टिपर घ्या. पाच घरं पुढे, थांबली, पुन्हा पाच घरं, इंजिन चालूच. सरासरी दहाचा वेग धरा. तिच्या मीटरवर ६० हजार किलोमीटर झाले तेव्हा तिचेही ६,००० तासच झाले. बाजारात पहिली ‘थकलेली’ म्हणून स्वस्तात जाते आणि दुसरी ‘कम चली हुई’ म्हणून महाग विकली जाते. सियागंजाच्या गल्ल्यांत दिवसभर माल चढवत-उतरवत उभ्या असलेल्या पिकअपचंही तसंच. थंड इंजिन, अर्धवट जळणारं डिझेल, ऑइलमध्ये काजळी. म्हणून मी तुमच्या भावाला मीटर सोडून गाडीचं काम विचारायला सांगतो.

ते काम कळणार कसं? विकणाऱ्याकडे फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. टोल नाक्यांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, म्हणजे त्यानंतर गाडी कुठे फिरली त्याचा बराचसा हिशोब तिथे तारीखवार असतो. रोज एकाच घाटाचा टोल दिसला तर इंजिन, क्लच आणि ब्रेक तिन्हींचं अंतर मनातल्या मनात वाढवून धरा. टोलच दिसत नसेल तर गाडी शहरातच राबली असा अंदाज धरा. महिन्याला बारा-पंधरा लांबच्या फेऱ्या दिसतात आणि मीटर मात्र वर्षाला पंधरा हजार दाखवतं, तर मीटर मागे फिरवलेलं आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला तर तिथल्या नोंदींत प्रत्येक वेळचं मीटर सापडतं. मालकालाच सोबत न्या, म्हणजे माहिती द्यायला ते कुरकुरणार नाहीत.

मग इंजिनाकडे या. गाडी बघायला जाताना वेळ सांगितली असेल तर तासभर आधी पोहोचा आणि बोनेट उघडून ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही येणार म्हणून कोणीतरी ती आधीच चालू करून ठेवली होती. डिझेल इंजिनाची खरी तब्येत पहिल्या थंड स्टार्टला कळते. एका सेल्फमध्ये उठतं का, पहिला धूर कसला, तो किती वेळ राहतो. थंडीत थोडा पांढरा धूर येऊन विरला तर हरकत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दणकून काळा येत असेल तर एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टर तिन्हींवर संशय धरा. आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा विचार करा. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखी साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची दाट शक्यता आहे. हेड तपासल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नका.

इंजिन गरम झालं की ऑइल भरायचं झाकण काढा. मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते इथे दिसतं. थोडी वाफ सगळ्याच डिझेलला येते, पण धूर धडधडत बाहेर पडत असेल तर पिस्टन-रिंगांमधून दाब खाली निसटतोय. दोन-तीन गाड्या ओळीने बघितल्या की नजर तयार होते, म्हणून पहिल्याच गाडीला हो म्हणू नका, असं मी आग्रहाने सांगतो. जमलं तर मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. चौघांत मेळ आहे की एकच बराच खाली आहे, हे त्यात महत्त्वाचं.

एक तपासणी फार थोडे लोक करतात आणि माझ्या मते ती सगळ्यांत मोलाची. एअर फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप काढा आणि आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर गाडी तिथेच सोडा, किंमत कितीही उतरवली तरी. आपल्या मालव्यात सोयाबीन निघतानाची धूळ, काळ्या मातीचे कच्चे रस्ते. फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली असली तरी ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासून टाकते. चांगल्या घराण्याचं इंजिनही असं काही महिन्यांत संपतं, आणि मीटरवर याची कुठलीच खूण राहत नाही.

गाडी चालवून बघताना चौकाला एक फेरी मारून परत येऊ नका. निदान अर्धा-पाऊण तास, शक्य तर माल भरून, खंडवा रोडला भेरूघाटापर्यंत न्या. चढावर तापमानाचा काटा कुठे जातो ते बघा. परत आल्यावर इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो का, तेही. विकण्याआधी जाड ऑइल किंवा धूर दाबणारं औषध टाकून ठेवण्याची पद्धत आहे. थंड असताना ते सगळं झाकतं, घाटानंतर झाकू शकत नाही.

आता ‘बँधा हुआ इंजन’. बांधलेलं इंजिन वाईट नसतं. नीट बांधलेलं असेल तर मी ते थकलेल्या ‘ओरिजनल’पेक्षा पसंत करीन. पण बांधलं म्हणजे काय केलं? बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) अंडाकृती झालेली असताना नुसत्या रिंगा बदलल्या तर काही महिन्यांत धूर परत येतो. बोअर मोजून स्लीव्ह टाकली किंवा रिबोअर केलं, क्रँक घासून त्या मापाच्या बेअरिंगा बसवल्या, हेडला फेस मारला, ऑइल पंप तपासला, तर त्याला काम म्हणायचं. म्हणून दलालाला एवढंच विचारा, की लेथवाल्याचं बिल दाखवा. त्यावर तारीख असते, साइज असते, कोणत्या भागाचं काम झालं ते असतं. आणि तुमच्या गाडीत मला एक गोष्ट खटकते: १ लाख ४० हजारांवर इंजिन बांधायची वेळ का आली? एक तर मीटर खोटं आहे, नाहीतर इंजिन तापून किंवा धूळ खाऊन लवकर गेलं. तापून गेलेलं असेल तर रेडिएटर आणि पंखाही तेव्हा बदलला का, की ज्याने पहिलं इंजिन मारलं ते अजून तिथेच बसलंय?

२०१८ ची गाडी म्हणजे बीएस-४ (बीएस-६ च्या आधीच्या नियमांची), कॉमन रेलची, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना जबर दाबाने डिझेल देणारी. जुन्या पंपाच्या गाडीत इंजेक्टर गावातला मिस्त्रीही सेट करायचा. इथे हजार बारच्या वर दाब असतो. टाकीत पाणी किंवा भेसळीचं डिझेल गेलं की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात, आणि ते बिल इंजिन बांधण्याच्या बिलाशी स्पर्धा करतं. स्कॅनर लावून रेलचं प्रेशर आणि इंजेक्टरांची करेक्शन व्हॅल्यू (प्रत्येकाचं डिझेल कॉम्प्युटरला किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) बघून घ्या.

प्रदूषणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याचं मला वाईट वाटलं, कारण माझा मुद्दा नेमका उलटा होता. बीएस-६ गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वतःला साफ करतो तेव्हा त्यात सुमारे ६०० अंशांपर्यंत उष्णता लागते, आणि ती लांबच्या सलग धावेत मिळते. मंडीतून दुकानापर्यंत सात-आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत साफसफाई अर्धवट राहते, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. मग कोणीतरी डीपीएफ पोकळ करून देतो. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. म्हणून शहरातल्या छोट्या फेऱ्यांना मी जुनं डिझेल नव्हे, सीएनजी किंवा बॅटरीची गाडी सुचवतो. सीएनजी इंदुरात मिळतो. ‘डिझेल नको’ या माझ्या वाक्याचा एवढाच अर्थ होता. जुनी बीएस-६ बघत असाल तर डीपीएफ जागेवर आहे का हे वाकून बघा.

तुमच्या भावाचं काम मात्र डिझेलचंच आहे. घाट, लांब पल्ला, जाताना भरलेली गाडी. तेव्हा गाडीचा प्रकार चुकलेला नाही, प्रश्न या एका गाडीचा आहे. दलालाने लेथचं बिल दाखवलं, फास्टॅगचा हिशोब मीटरशी जुळला, पाइपात माती नसली आणि घाटावर काटा हलला नाही, तर घ्या, पण बांधलेल्या इंजिनाची म्हणून जास्त किंमत देऊ नका. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, चलान ऑनलाइन तपासा. आठ वर्षं पूर्ण झालेल्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तो खर्चही भावाच्या हिशोबात धरा. आणि बिल ‘हरवलं’ असं उत्तर मिळालं, तर सरळ असं धरून चाला की इंजिन तुम्हालाच बांधायचं आहे. मिस्त्रीकडून त्याचा अंदाज लेखी घ्या, तेवढी रक्कम सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि मगच भाव बोला. त्या भावाला तो तयार नसेल तर दुसरी गाडी बघा. ट्रान्सपोर्ट नगरात आणि देवास नाक्यावर पिकअपला तोटा नाही.